गोबरगॅसवरचा गिझर

आमच्या घरात अंघोळीला नंबर होते. पहिला आबांचा, म्हणजे आजोबांचा. दुसरा दादांचा, म्हणजे वडिलांचा. मग माझे दोघे भाऊ, मग मी. मुक्कामाला कुणी पाहुणा असला तर तो मध्येच कुठेतरी घुसायचा. आणि सगळ्यांत शेवटी आई. ओतूरच्या पुढे, मढ गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी आमची वस्ती. दिवाळीच्या सुमाराला तिथे पहाटे अशी थंडी पडायची की हापशाच्या दांड्याला हात लावायच्या आधी माणूस दोनदा विचार करायचा. अंगणाच्या कडेला पत्र्याखाली तीन दगडांची चूल होती, आणि तिच्यावर बुडाला बोटभर काजळी चढलेलं जर्मनचं मोठं पातेलं. आई चार वाजता उठून ती चूल पेटवायची. फुंकणीचा आवाज, ओल्या लाकडाची सुरसुर, बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज आणि मग आबांचं खाकरणं, एवढ्या क्रमानं आमच्या घरात दिवस उजाडायचा. आई पाणी काढून द्यायची, रिकाम्या पातेल्यात नवीन पाणी ओतायची, लाकूड पुढे सारायची, मध्येच म्हशीची धार काढून यायची. तिचा नंबर येईपर्यंत ऊन अंगणात आलेलं असायचं, लाकूड विझलेलं असायचं, आणि पाण्याला कोमट म्हणायला जीभ धजू नये असं ते झालेलं असायचं.

आता मी चाकणजवळ चौथ्या मजल्यावर राहते. नळ फिरवला की गरम पाणी येतं, आणि यायला जरा वेळ लागला तर मी कुरकुर करते. चुलीचं सांगायला लागले की माझी मुलगी म्हणते, ‘‘आई, तू परत सुरू झालीस,’’ आणि उठून जाते. म्हणून लिहिते आहे. कागद उठून जात नाही.

तर त्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, गावच्या दूध संकलन केंद्रातली मुलगी लग्न होऊन मंचरकडे गेली आणि तिथे जागा मोकळी झाली. सकाळी उजाडता उजाडता केंद्र उघडायचं, गवळ्यांचं दूध मापायचं, मशीनवर फॅट बघायचं, पावती द्यायची. केंद्राचे सचिव आमच्याच भावकीतले. ते एक दिवस ओट्यावर चहा पिता पिता आईला म्हणाले, ‘‘वहिनी, तुमी दहावी झालेल्या. दिवाळीच्या पाडव्यापासनं या की.’’ आईनं नुसता पदर सारखा केला. पण त्या दिवशी तिनं भाकरी थापताना गुणगुणलेलं मी ऐकलं, आणि आई गुणगुणते ही मला तोपर्यंत माहीत नसलेली गोष्ट होती.

दादांना ही नोकरी नको होती असं अजिबात नाही. उलट त्यांनी ती निम्म्या गावाला सांगून टाकली होती. अडचण एकच होती, आणि ती त्यांनी रात्रीच्या जेवणाला अगदी खऱ्याखुऱ्या काळजीनं मांडली.

‘‘ही पाचला गेली, तर पाणी कोण तापवणार?’’

आबांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. भावांनी एकमेकांकडे बघितलं. मीसुद्धा विचारात पडले. प्रश्न खरोखर अवघड होता. आज मागे वळून बघितलं की हसू येतं. त्या पंगतीत धडधाकट माणसं होती, प्रत्येकाला दोन-दोन हात होते, आणि काडेपेटी समोरच्या कोनाड्यात होती. पण आमच्या सगळ्यांच्या मते हा प्रश्न यंत्रानंच सुटण्यासारखा होता.

यंत्र दादांनी ओतूरच्या दुकानात हेरून ठेवलंच होतं. गॅस गिझर. पांढरा, चपटा, पुढे छोटी काच. नळ सोडला की आत आपोआप ठिणगी पडते, जाळ लागतो आणि पाणी जाता जाता तापतं. साठवण नाही, वाट बघणं नाही. दुकानदार भला माणूस, त्यानं सगळं नीट समजावलं. मी दादांबरोबर गेले होते म्हणून मला ठाऊक. ‘‘भाऊ, ह्याला गॅसची टाकी वेगळी ठेवा. शेगडीच्याच टाकीला दोन तोंडं काढली तर दोघंबी उपाशी ऱ्हात्यात. टाकी जवळ ठेवा, नळी लांबवू नका. आन हे बाथरूमच्या आत बसवायचं न्हाई. भाईर बसवा, वारं खेळतं तिथं. आत बसवलं, खिडकी नसली, तर माणूस साबण लावता लावता झोपंल ते उठायचा न्हाई.’’ दादा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. त्यांतलं त्यांनी फक्त शेवटचं ऐकलं, तेही घरी आल्यावर आईनं बजावलं म्हणून.

घरात गॅसची टाकी होती, पण एकच. ती आईनं पाहुण्यारावळ्यांसाठी राखलेली. तीही त्या दिवाळीला संपलेली, आणि ओतूरहून दुसरी यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. रोजचा स्वयंपाक चालायचा गोबरगॅसवर. गोठ्याच्या मागे विटांची गोल विहीर, तिच्यात शेणकाला, आणि वर पालथी घातलेली लोखंडी टोपी. गॅस साठला की टोपी वर यायची, आई भाकरी करायला बसली की हळूहळू खाली जायची. लहानपणी आम्ही टोपी बघूनच ओळखायचो की आज नुसतं पिठलं आहे की आणखी काही. दादांना या टोपीचा फार अभिमान. ते म्हणाले, ‘‘घरचा गॅस असताना दुसरी टाकी कशाला? जळतंय ते जळतंय.’’ आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी बारावी सायन्सला होते.

‘‘गोबरगॅस म्हणजे मिथेन, दादा,’’ मी म्हणाले. ‘‘मिथेन जळतो.’’

मला एवढंच येत होतं, आणि मी ते अशा थाटात सांगितलं की पुढचं कुणी विचारलंच नाही. टाकीतला गॅस वेगळा असतो, तो दाबून भरलेला असतो, त्याच्या बेतानं गिझरमधली भोकं सुईच्या टोकाएवढी ठेवलेली असतात, आणि आमच्या गोबरगॅसचा दाब म्हणजे म्हाताऱ्या माणसानं दिव्यावर फुंकर घालावी एवढा, हे सगळं कळायला मला बरीच वर्षं आणि एक नवरा लागला. नवरा गॅसच्या पाइपलाइनच्या कामात आहे. ही हकीगत पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो बराच वेळ डोक्याला हात लावून बसला होता.

ओतूरचा फिटर आला, गोबरगॅस बघितला, ‘‘ह्याला मी हात लावणार न्हाई’’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मग काम नानांनी हातात घेतलं. नाना म्हणजे माझे चुलते. दादांनी मेंढरं सोडून शेती धरली, नानांनी मेंढरं धरून ठेवली. दिवाळी झाली की ते कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. त्याआधी पंधरा-वीस दिवस त्यांचा मुक्काम आमच्या बाजरीच्या रानात असायचा. बाजरी काढून मोकळं झालेलं रान, त्यात रात्रभर मेंढरं बसवायची, म्हणजे लेंड्या-मुतानं जमिनीला कस चढतो. लोक त्यासाठी नानांना आवतण द्यायचे. आम्हाला ते घरचंच होतं.

नानांनी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला गिझर टांगला, छपरावरच्या पाण्याच्या पिंपाचा नळ त्याला जोडला, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीला फाटा काढून तो घराला वळसा घालत न्हाणीपर्यंत आणला आणि नळ सोडला. आत टकटकटक अशी ठिणगी पडायला लागली. काचेत निळसर काहीतरी चमकलं आणि विझलं. परत टकटकटक. परत विझलं. पाणी होतं तसंच गार.

‘‘भोकं बारीक हायती,’’ नाना म्हणाले, आणि त्यांनी घोंगडी शिवायचं दाभण काढलं. घोंगडी शिवायच्या दाभणानं गॅस गिझरची भोकं मोठी करणारे आमचे नाना बहुतेक पहिलेच. हे मी कुणी करावं म्हणून सांगत नाही, कुणी करू नये म्हणूनच सांगते. पण संध्याकाळी नळ सोडल्यावर ‘भप्प’ असा आवाज झाला, काचेच्या मागे जाळ उभा राहिला आणि नळातून वाफ निघणारं पाणी आलं. आम्ही सगळे अंगणात गोळा झालो होतो. दादांनी पाण्याखाली हात धरला आणि तो आईला दाखवला, जणू तो हात त्यांनी नवीनच विकत आणला होता.

‘‘झाली तुझी नोकरी,’’ ते म्हणाले.

आई हसली. मला ते हसू आठवतं, कारण ते तिनं लपवलं नाही.

पहिली अंघोळ अर्थातच आबांची. आबा आत गेले ते बाहेर येईनात. एक बादली झाली, दोन झाल्या. ‘‘आबा, झालं का?’’ ‘‘थांब रं. पाठीचा मणका आत्ता कुठं ढिला झालाय.’’ तोवर आईनं गोबरगॅसवर मासवडीचा रस्सा ठेवला होता, कारण नाना जेवायला होते आणि नानांना मासवडी म्हणजे जीव की प्राण. रश्शाला उकळी यायच्या बेतात होती. तेवढ्यात शेगडी फुरफुरली आणि गप्प झाली. मी मागे धावले. टोपी पार तळाला टेकली होती. आबांच्या एका अंघोळीनं सगळ्या घराचा स्वयंपाक पिऊन टाकला होता. न्हाणीतून आवाज आला, ‘‘अरं, गार आलं की हे.’’

त्या रात्री नानांनी अर्धकच्चा रस्सा खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले. खाता खाता मोठी सभा झाली. एक गोष्ट सगळ्यांना पटली, की गिझर चालतो. कमी पडतोय तो गॅस. गॅस वाढवायचा तर शेण वाढवायला हवं. शेण वाढवायचं तर म्हशी वाढवायला हव्यात. इथे सगळे थांबले. मग नानांनी रानाकडे बघितलं. अंधारात मेंढरं बसली होती, मध्येच एखादं कोकरू ओरडत होतं.

‘‘माझी दोनशे मेंढरं तिथं फुकट हागत्यात,’’ नाना म्हणाले.

आमच्या घरात मेंढराच्या लेंडीबद्दल जी श्रद्धा होती ती मी शब्दांत सांगू शकत नाही. लेंडीनं कांदा असा होतो, बाजरी अशी होते, लेंडी पडलेल्या वावरात पुढची दोन वर्षं खत बघावं लागत नाही. मग गॅस का होणार नाही? शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट इतकी वर्षं आपण म्हशीच्या शेणावर का अडून बसलो याचंच आश्चर्य वाटलं. मी सायन्सच्या बाजूनं पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी भावांनी पाट्या भरभरून लेंड्या आणल्या, शेणाच्या कुंडीत पाणी ओतून कालवल्या आणि आत सोडल्या. तीन-चार दिवस हे चाललं. तेवढ्या दिवसांत गिझर बंदच ठेवल्यामुळे टोपी चांगली वर आली, आणि ते श्रेय आम्ही मेंढरांना देऊन मोकळे झालो. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला गोठ्यामागे नेऊन टोपी दाखवायचे. ‘‘मेंढरांची कमाल हाय राव.’’

शेण पाण्यात विरघळतं. लेंडी विरघळत नाही. वरून ती चिंचोक्यासारखी गुळगुळीत असते, आणि ती तरंगते. आमच्या विहिरीत लेंड्यांची साय धरली. ती रोज जाड होत गेली, वाळत गेली, आणि धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी टोपी त्या सायीत अडकली. एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, बारशाच्या पोराच्या डोक्यावरच्या कुंचीसारखी तिरकी. खालच्या कडेनं गॅस बुडबुड करत हवेत जायला लागला. कुंडी तुंबली, उलटी भरून वाहायला लागली. घरात एका बाजूला करंज्यांचं सारण तयार आणि दुसऱ्या बाजूला गॅस बंद.

मग दादा, नाना आणि दोघे भाऊ दाताळी घेऊन विहिरीवर चढले. दोर लावून टोपी हलवायची, कडेनं दाताळं घालायचं, साय ओढून काढायची. तो प्रकार दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालला. मध्येच थोरला भाऊ गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याला बाहेर काढताना धाकटा गेला. आबा लांब बाजेवर बसून सूचना देत होते आणि मला वाटतं त्यांना फार मजा येत होती. शेवटी चौघेही अंगणात उभे राहिले तेव्हा कोण दादा आणि कोण नाना हे आवाजावरून ओळखावं लागलं. त्या दिवशी आमच्या घराला गरम पाण्याची जेवढी गरज होती तेवढी ना आधी कधी पडली होती ना नंतर, आणि गिझर भिंतीवर टांगलेला होता, पांढराशुभ्र.

आईनं चूल पेटवली. चौघांना पाणी काढून दिलं. दुसऱ्यांदा काढून दिलं, कारण पहिल्यानं वास गेला नाही. मग करंज्या चुलीवर तळल्या. मी शेजारी बसून लाटत होते. तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. तेवढ्यात सचिवांचा मुलगा सायकलवरून निरोप घेऊन आला. पाडव्यापासून येताय ना, का दुसरी बाई बघू?

दादा अंग पुसत पुसत म्हणाले, ‘‘त्याला सांग, थोडं थांबा. दिवाळी झाली की गॅसचं बघतो, मग येती ती.’’

‘‘थांब रे,’’ आई त्या मुलाला म्हणाली. कढई तिनं खाली उतरवली. सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलणं तिच्यात नव्हतं, त्यामुळे तिनं पदर पुढे ओढला आणि चुलीकडे तोंड करून बोलली. पण ऐकू सगळ्यांना गेलं.

‘‘म्हशी कामाला लावल्या. मेंढरं कामाला लावली. दाभण लावलं, पोरीचं सायन्स लावलं. घरात चार-पाच बापये हायेत. काडी वढायला त्यातल्या एकाचा हात लावावा, हे काय कुणाला सुचलं न्हाई.’’

करंज्यांच्या तेलाचा वास आणि दुसरा वास, दोन्ही अंगणात होते. दादा टॉवेल हातात धरून उभे. मला वाटलं आता भांडण होणार. आणि मग बाजेवरून आबांचा हसण्याचा आवाज आला. आबा हसायला लागले की आधी खोकायचे, मग खांदे हलायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं.

‘‘खरं हाय की सूनबाईचं,’’ ते म्हणाले. ‘‘आरं, कोकणात आमी पोरंपोरंच मेंढरामागं असायचो. बाया न्हाईत, छप्पर न्हाई. वरनं कधी अवकाळी पाऊस. भिजल्या लाकडावर पाणी तापवलंय मी. कोकरं शेकली, भाकऱ्या केल्या. आन घरी आल्यावर मी चूल कशी पेटती तेच इसरलो व्हतो.’’ मग सचिवांच्या मुलाला म्हणाले, ‘‘जा. सांग तुझ्या बापाला, पाडव्याला येती म्हणून.’’

पाडव्याच्या पहाटे मला फुंकणीचा आवाज ऐकू आला. तो नेहमीचा नव्हता. आई लांब, सावकाश फुंकायची. हे फू, फू, फू असं घाईचं होतं आणि मध्ये खोकला होता. बाहेर आले तर डोक्यावरून घोंगडी घेऊन आबा चुलीपुढे उकिडवे बसलेले, आणि दादा बॅटरी धरून लाकडं आणत होते. दादांनी आणलेली लाकडं आबा एकेक बघून बाजूला टाकत होते. ‘‘हे वलं हाय. हे बी वलं हाय. तुला लाकडातलं काय कळत न्हाई.’’ पाण्याला आधण आलं. पहिली बादली दादांनी स्वतः उचलून न्हाणीत ठेवली आणि दारातून हाक मारली, ‘‘अगं, जा. निवंल.’’

आई न्हाणीत गेली. तांब्याचा आवाज येत राहिला. दोन बादल्या झाल्या तरी ती बाहेर आली नाही, आणि कुणी तिला हाक मारली नाही.

त्या गिझरचं काय झालं ते सांगून टाकते. पुढच्या महिन्यात दादांनी दुसरं गॅस कनेक्शन घेतलं, ओतूरच्याच फिटरला बोलावलं. दाभण घातलेला भाग बदलला. टाकी गिझरच्या जवळ, पत्र्याखाली, आखूड नळीनं. मग तो छान चालला. माघातल्या एका पहाटे टाकीला बाहेरून दवासारखं दहिवर धरलं आणि जाळ बारीक झाला, तेव्हा आबांनी माया करून टाकीवर आपली घोंगडी पांघरली. जाळ आणखी बारीक झाला. टाकीला बाहेरच्या हवेची ऊब लागते, घोंगडीनं तीच अडते, हे नवऱ्यानं मला सांगितलं तेव्हा आबा नव्हते. असते तरी त्यांना पटलं नसतं. आणि चूलही राहिलीच. आबांना तिची सवय लागली होती. ते म्हणायचे, गिझरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, मग अंघोळ झाली हे कळायचं कसं?

पण मला त्या पाडव्याची सकाळच सांगायची आहे. आई केंद्रावर गेल्यावर तासाभरानं दादा दुधाची बरणी घेऊन निघाले, आणि मी मुद्दाम बरोबर गेले. केंद्राच्या दारात रांग होती. आत टेबलामागे आई उभी. नवीन लुगडं, केस अजून ओले, समोर मशीन, हातात पेन. गवळी पुढे सरकत होते, ती माप घालत होती, आकडा वाचत होती, पावती फाडून देत होती. दादांचा नंबर आला. ते मोठं हसू घेऊन पुढे झाले.

‘‘झाकण काढा, पावणं,’’ आई म्हणाली.

रांगेतले सगळे हसले. दादांनी झाकण काढलं. आईनं नमुना घेतला, मशीनला लावला, आकडा बघितला, परत एकदा बघितला.

‘‘फॅट कमी हाय. म्हशीला पेंड कोण घालतं?’’

‘‘मीच घालतो की. तुला ठाऊक न्हाई व्हय?’’

‘‘मला कसं ठाऊक असंल? मी हितं नोकरीला हाय. वाढवा जरा पेंड. पुढं सरका, मागं मंडळी थांबल्यात.’’

दादांनी पावती घडी घालून डोक्यावरच्या टोपीत ठेवली. घरी येताना त्यांनी वाटेत भेटेल त्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं. ‘‘आमच्या मंडळीनं मला पावणं म्हटलं. सगळ्या रांगेत.’’ आणि प्रत्येक वेळी आदल्यापेक्षा थोडे जास्त हसले. घरी पोचल्यावर आधी गोठ्यात गेले आणि म्हशीपुढे पेंडीचं घमेलं शिगोशीग भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फॅट वाढलं नव्हतं. फॅट असं एका रात्रीत वाढत नसतं. पण केंद्राचं दार उघडायच्या आधीपासून दादा रांगेत पहिले उभे होते.